व्हिक्टरी बांधणं थांबवा

शिडाच्या जहाजांची लाकडी मॉडेलं बांधणाऱ्या माणसाच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा काचेच्या पेटीसमोर उभा राहून एकच वाक्य बोलतो. "काय हो तुमचा पेशन्स!" कौतुकच असतं ते, त्यामुळे हसून चहा पुढे करावा लागतो. पण या छंदाचा सगळा घोटाळा त्या वाक्यात आहे. पेशन्स मटार सोलायलाही लागतो. किती वर्षं लागली, किती गाठी मारल्या, डोळे दुखले नाहीत का, एवढं सगळं विचारून होतं. जहाज बरोबर आहे का, असं होतं हे कशावरून, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि आपण छंदवाले त्या कौतुकाला इतके चटावलो आहोत, की हा प्रश्न आपणही स्वतःला विचारेनासे झालो आहोत.

तर माझं म्हणणं सरळ मांडतो. मराठी माणसांनी, मग ती पुण्यात असोत, ठाण्यात असोत की न्यू जर्सीच्या तळघरात, परदेशी किटं बांधणं काही वर्षं थांबवावं. 'महाराजांच्या आरमाराचं जहाज' म्हणून काहीतरी शिडंबिडं लावून शोकेसमध्ये ठेवणं तर कायमचं थांबवावं. आणि या छंदात कमावलेली नजर आणि हात घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर ज्या लाकडी होड्या अजून उभ्या आहेत, त्या मोजायला जावं. मोजायला, फोटो काढायला नव्हे.

किटांवर माझा राग नाही. मी स्वतः तीन बांधली आहेत. इटलीहून किंवा स्पेनहून खोका येतो. त्यात लेझरने कापलेला कणा आणि त्यात अडकवायचे प्लायवुडचे आडवे पडदे, त्यावर मारायच्या लिंबाच्या नव्हे तर लाइमवुडच्या पट्ट्या (हा गोंधळ नवशिक्यांच्या कागदोपत्री भाषांतरात कायम होतो), वरून अक्रोडाचा पातळ थर, पितळी तोफा, तीन भोकांच्या चिमुकल्या लाकडी चकत्या आणि दोऱ्याची रिळं. पट्टी भिजवायची, वाकवायची, टोकाकडे निमुळती तासायची. पहिल्या जहाजावर माणूस शिकतो की सरळ पट्टी वक्र अंगावर आपोआप बसत नाही. पोटाशी फळ्या रुंद लागतात आणि नाळेकडे अरुंद. हे हाताला कळणं फार मोलाचं आहे. पुस्तक वाचून ते कळत नाही. एक किट प्रत्येकाने बांधावंच.

पण दुसरं, तिसरं, सातवं? आणि दर वेळी तीच मंडळी: व्हिक्टरी, कटी सार्क, वासा, फार तर बाउंटी. किटात सगळे प्रश्न आधीच कुणीतरी सोडवलेले असतात. आपण सोडवलेलं गणित सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो आणि त्याला छंद म्हणतो.

ज्यांनी ते गणित सोडवलं त्यांच्याकडे जरा बघा. इंग्लंडात सतराव्या शतकापासून नौदलाच्या जहाजांची तंतोतंत मापाची मॉडेलं बनत आली. त्यातल्या कित्येकांना पाण्याखालच्या भागात फळ्या मारलेल्याच नाहीत, त्यामुळे आतल्या फासळ्या एकेक मोजता येतात. १७६५ साली पाण्यात उतरलेली व्हिक्टरी आजही पोर्ट्समथच्या गोदीत उभी आहे. लाँगरिज नावाच्या माणसाने तिचं मोठं मॉडेल बांधता बांधता तिच्यावर पुस्तक लिहिलं, ते १९५५ साली आलं आणि मॉडेलवाल्यांच्या टेबलावर अजून असतं. २०१५ साली जुन्या रंगाच्या थरांची तपासणी करून व्हिक्टरी नव्याने रंगवली, तेव्हा इतकी वर्षं सगळ्यांनी लावलेला गडद पिवळा जाऊन तिथे फिकट, गुलाबीकडे झुकणारा रंग आला. जगभरच्या दिवाणखान्यांतल्या व्हिक्टरी एका दिवसात चुकीच्या ठरल्या. वासाचं तसंच. १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं ते जहाज १९६१ साली वर काढलं. त्याच्या मागच्या भागातल्या कोरीवकामाची पार्श्वभूमी निळी होती असं बराच काळ मानत होते. मग रंगाचे कण तपासले आणि ती लाल निघाली.

मला हे हेवा वाटण्याजोगं वाटतं. चुकीचं ठरू शकणारं मॉडेल म्हणजे काहीतरी म्हणणारं मॉडेल. त्याच्या मागे दप्तर आहे, लाकूड आहे, नकाशे आहेत, भांडणारी माणसं आहेत. आपण ते भांडण तिकडेच ठेवतो आणि त्याचा निकाल तेवढा खोक्यात भरून, वर कस्टम्स भरून, घरी आणतो.

इथे कुणीतरी हात वर करणार, हे मला माहीत आहे. "मग ट्रिंकोमाली बांधा की! मुंबईचं जहाज आहे." खरं आहे. १८१७ साली वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ही फ्रिगेट आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. पण तिच्या आराखड्याची गोष्ट ऐका. तो इंग्लंडहून यायचा होता. ज्या जावा नावाच्या जहाजावर तो चढवला होता ते १८१२ च्या अखेरीस ब्राझीलजवळ अमेरिकनांनी लढाईत संपवलं. मग नक्कल काढून पुन्हा पाठवली, ती आल्यावर काम सुरू झालं. म्हणजे लाकूड आपलं, हात आपले, आकार तिकडचा; तोही मुळात एका फ्रेंच फ्रिगेटवरून उचललेला. ट्रिंकोमाली सुंदरच आहे, जरूर बांधा. पण ती बांधून इथला सुतार स्वतःच्या अकलेने जहाज कसं उभं करत होता ते कळत नाही, कारण त्या कागदावर त्याची अक्कल कुणी लिहिलेलीच नाही.

आता त्या दुसऱ्या प्रकाराकडे वळतो, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. सत्कार समारंभात शाल-श्रीफळाबरोबर हल्ली एक जहाज देतात. स्पॅनिश गॅलियनसारखा उंच मागचा मनोरा, खळ लावून फुगवलेली चौकोनी शिडं, ती बहुधा वाऱ्याच्या उलट दिशेला फुगलेली, आणि सगळ्यात वर भगवा. खाली पितळी पट्टी: मराठा आरमार. एका प्रदर्शनाच्या आयोजकांनी मला असंच एक 'जरा मोठं' करून मागितलं. मी विचारलं, कुठल्या काळातलं, गुराब की गलबत, किती डोलकाठ्यांचं? पलीकडून उत्तर आलं, "अहो, कोण मोजायला येतंय?"

हे उत्तर त्या गृहस्थांचं एकट्याचं नाही. आपल्या सगळ्यांचं आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवरायांच्या मुद्रेची आठवण देणारी अष्टकोनी चौकट आली तेव्हा ऊर भरून आला, माझाही आला. पण त्याच मुद्रेखाली जी जहाजं पाण्यात होती त्यांचा आडवा छेद काढा म्हटलं तर आपल्यातले किती जण पेन्सिल उचलतील? भाषणात 'गुराब' म्हटलं की काम भागतं. चित्रात धूर आणि लाटा काढल्या की काम भागतं. मॉडेलमध्ये भागत नाही. मॉडेलला पाण्याखालचा भाग असतो. तिथे धूर काढता येत नाही.

उदाहरण घ्या. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली छापलेल्या खंडात आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन केलं आहे. शत्रूपक्षाचं आहे, पण काळजीपूर्वक केलेलं आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, थोड्या मोठ्यांना तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० च्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, बुडाला उथळ, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी. पुढे नेहमीची गोल नाळ नाही. भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच, तिच्यावर मुख्य डेकच्या पातळीत मजबूत तख्तपोशी. चोच आणि जहाज यांच्यामध्ये आडवी भिंत, त्या भिंतीत भोकं, भोकांतून चोचीवरून मारा करणाऱ्या दोन तोफा, नऊ ते बारा पौंडी. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबतं त्याच घाटाची पण लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, मोठ्या डोलकाठीवर एक प्रचंड त्रिकोणी शीड आणि ४०-५० वल्ही.

वाचायला भरपूर वाटतं. आता टेबलावर लाकूड घ्या. चोच पठाणाला (जहाजाच्या तळाच्या कण्याला आपल्याकडे पठाण म्हणतात) कुठे जोडायची, सांधा कसला? समोरून लाट आली तर ती लांब तख्तपोशी पाणी कुठे सोडणार? बारा पौंडी तोफ उडाली की मागे येते, तिला किती जागा द्यायची, आणि तिच्या मागे डोलकाठी असेल तर? फासळ्या किती अंतरावर? फळ्या एकमेकींना टेकून की खाच पाडून? शिडं सगळी तिरकी की काही आडव्या परभाणावरची चौकोनी? माणसं शेकड्याने होती तर चूल कुठे, पाणी कुठे? ऑर्म यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. त्याला द्यायचं कारणही नव्हतं. तो लढाईचा इतिहास लिहीत होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. आग लागली ती त्यांनीच पूर्वी कंपनीकडून पकडून आणलेल्या रेस्टोरेशन नावाच्या जहाजापासून. डॉमिनिक सेर्सने काढलेलं त्या प्रसंगाचं तैलचित्र प्रसिद्ध आहे, पण ते १७७१ सालचं, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं, विजेत्यांसाठी काढलेलं. त्यावरून फासळ्या मोजायला जाऊ नये.

म्हणून मी म्हणतो, गुराबेचं मॉडेल बांधायचं तर त्याच्या पाटीवर लिहा: एवढं ऑर्मवरून, एवढं अंदाजाने, एवढं आमच्या मनाने. ज्याला ही पाटी लावायची लाज वाटते त्याने मॉडेल बांधू नये. आणि ज्याला अंदाज कमी करायचे आहेत त्याने मागे जाण्याऐवजी पुढे यावं, म्हणजे जळालेल्या जहाजांकडून तरलेल्या जहाजांकडे.

जॉन एड या इंग्रज जहाजबांधणी अधिकाऱ्याने १८३४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोनच्या देशी जहाजांवर एक लेख लिहिला. त्यात पातेमारी आहे. मोठ्या पातेमारीची लांबी सुमारे ७६ फूट, रुंदी २५ फूट, खोली बारा फुटांच्या आत, भार २०० टनांपर्यंत. आणि बांधणी? तो सांगतो, गुराबेच्या घाटाची: पुढे झुकलेली लांब नाळ, तिच्या तिरक्या लाकडाची लांबी पठाणाइतकीच. हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. विजयदुर्ग जळून ७८ वर्षं झाली होती आणि गुराबेचा घाट मालवाहू पातेमारीच्या नाळेत जिवंत होता, आंबे-नारळ-मीठ वाहत होता. पुढे १८४० च्या दशकात एदमों पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने युरोपबाहेरच्या जहाजबांधणीवर ग्रंथ छापला, त्यात मुंबईची पातेमारी मापांसकट रेखाटलेली आहे. पुढे तो पॅरिसच्या नौका संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि अशा रेखाटनांवरून त्याने मॉडेलं करून घेतली. म्हणजे आपल्या पातेमारीचं मॉडेल बांधायला आपल्याला पॅरिसच्या माणसाचा कागद लागतो. पारीला नावं ठेवायला हे लिहीत नाही. त्याने फूटपट्टी लावली, तिच्या डेकवर रोज चालणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणाला ती लावावीशी वाटली नाही.

शब्द तेवढे आपल्याकडे राहिले. मोल्सवर्थच्या कोशात पठाण आहे, परभाण आहे, नाळ आहे. कोशात शब्द सापडतो आणि त्या शब्दाचा आकार सापडत नाही, अशी ही चमत्कारिक श्रीमंती.

आता शिडाच्या मालवाहू पातेमाऱ्याही गेल्या. उरल्या आहेत त्या मासेमारीच्या लाकडी होड्या, आणि त्यांच्या जागी फायबरच्या येत आहेत. त्यात कोळ्यांचं काही चुकत नाही. फायबर हलकं, त्याला कीड नाही, डागडुजी कमी, चांगलं लाकूड परवडत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने आपल्या हौसेखातर लाकडी होडी ठेवावी असं म्हणणारा शहाणा माझ्यासमोर आला तर त्याला मी एक पावसाळा डांबर फासायला लावीन. होडी जाऊ द्या. ती जायच्या आधी तिचं माप घ्या, एवढंच मागणं आहे. आज जी 'साधी होडी' आहे, ती आणखी पन्नास वर्षांनी गुराबेइतकीच गूढ होणार आहे, आणि तेव्हा कुणीतरी तिचंही शोभेचं वाण करून पितळी पट्टी ठोकणार आहे.

माप घेऊन, मॉडेल करून, त्यावरून पुन्हा जहाज उभं राहतं का? राहतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं जहाज आधार धरून काथ्याने शिवलेलं कौंडिण्य गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्सच्या यार्डात बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर त्याच्या शिवणीला होते. आराखडा नव्हताच, होतं एक चित्र. त्यामुळे आधी चेन्नईच्या आयआयटीत मॉडेलवर चाचण्या झाल्या, मग जहाज. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. तिथे मॉडेल शोभेला नव्हतं, प्रश्न विचारायला होतं. पाचव्या शतकातल्या चित्राला जे जमलं ते अठराव्या शतकातल्या गुराबेला जमू नये, असं काही नाही. फक्त शिवणीचं ज्ञान जिवंत हातांत होतं म्हणून ते जमलं, हे विसरायचं नाही.

"अहो, पण छंद आहे आमचा. ऑफिसातून आल्यावर तासभर डोकं शांत होतं. त्यात हे संशोधनाचं ओझं कशाला?" हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. डोकं शांत करायला विणकाम उत्तम, शिवाय स्वेटर मिळतो. नेपोलियनच्या काळात इंग्लंडच्या कैदेत पडलेले फ्रेंच खलाशी जेवणातल्या हाडांपासून जहाजं करत. नॉर्मन क्रॉसच्या छावणीतली ती कामं आज संग्रहालयांत आहेत. त्यांच्याजवळ फूटपट्टी नव्हती, नकाशे नव्हते, बाहेर जाता येत नव्हतं. आपल्याजवळ सगळं आहे आणि एसटी अजून देवगडला जाते.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो. शहरातली माणसं जाणार, कोळीवाड्यात टेपा लावणार, चार मॉडेलं करून आपलं नाव लावणार. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय साधा आहे: होडी कुणाची, बांधली कुठल्या मेस्त्रीने, ही नावं त्यांना चालत असतील तर पाटीवर सर्वांत वर. मेस्त्रीचा दिवस मोडला तर त्याची मजुरी द्यायची, किटाच्या पैशांत कितीतरी मजुऱ्या बसतात. आणि आराखड्याची एक प्रत त्याच्या घरी. केरळात बेपूरला उरू बांधण्याच्या परंपरेतले कारागीर लहान उरू करून विकतात. मला त्या शोभेच्या जहाजांबद्दल काही म्हणायचं नाही, कारण हात तोच आहे.

काम अवघड नाही. किट बांधणाऱ्याला तर नाहीच. तो वर्षानुवर्षं दुसऱ्याने काढलेले छेद वाचतोय, आता एकदा स्वतः काढायचे. दोन माणसं, टेप, पाणसळ, ओळंबा, सुतळी, खडू. होडी वाळूत तिरकी बसलेली असते, तेव्हा जमिनीवर भरवसा ठेवायचा नाही. पठाणाच्या बाजूने नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणून तीच सरळ रेघ मानायची. दर अर्ध्या मीटरवर खडूची खूण. प्रत्येक खुणेशी होडीच्या काठावरून ओळंबा सोडायचा आणि वीस-वीस सेंटिमीटर उंचीवर दोरीपासून फळीपर्यंतचं आडवं अंतर लिहायचं. एक बाजू पुरते, पण दोन-तीन ठिकाणी दुसरी बाजूही तपासायची, कारण हाताने बांधलेली होडी दोन्हीकडे सारखी नसते आणि तो फरकही लिहून ठेवण्याजोगा असतो. मग नाळेचा कल, फळ्यांची रुंदी, खिळ्यांमधलं अंतर, फासळ्या कुठे पठाणाला टेकतात आणि कुठे नाही. इंजिनासाठी मागचा भाग कापला असेल तर कुठून कापला. फोनवर शंभर-दीडशे फोटो सगळ्या बाजूंनी काढून संगणकावर त्रिमिती आकार करता येतो, तोही करा, पण टेपाचे आकडे आधी. आणि प्रत्येक भागाला तिथे काय म्हणतात ते विचारा. मालवणात एक शब्द असतो, वसईला दुसरा. होडीला उलांडी असेल तर तिच्या दोऱ्यांच्या गाठी वेगळ्या रेखाटा, त्या फोटोत कधीच नीट येत नाहीत.

घरी आल्यावर तीस फुटांची होडी चोवीसास एक या प्रमाणात पंधरा इंचांची होते. इंचभर जाडीची फळी मिलिमीटरभर येते, म्हणजे प्रत्येक फळी खरी मारता येते, फासळीही खरी. व्हिक्टरीच्या मापावर हे सुख कुठलं?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात, मेस्त्री त्यांच्याखाली उकिडवे बसून कापूस ठासत असतात, मालकांना बोलायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला की त्या पुन्हा पाण्यात जातात आणि तळ दिसत नाही. टेप प्लास्टिकचा न्या, लोखंडी दोन दिवसांत गंजतो. वही पावसाची.